छोट्या एपीआयला क्युकंबर लावावं का? काही महिने वापरल्यावर

ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यातल्या काही सोसायट्यांची मेंटेनन्स बिलं आमच्या एपीआयवर (दुसऱ्या प्रोग्रॅमच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या सेवेवर) तयार होतात. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात डेव्हलपर आम्ही तिघं, आणि नियमांवर शेवटचा शब्द अकाउंट्सच्या मॅडमचा. नोड, एक्सप्रेस, पोस्टग्रेस, नेहमीचाच मसाला. पावसाळ्याआधी त्यावर क्युकंबर-जेएस (साध्या भाषेत लिहिलेली उदाहरणं टेस्ट म्हणून चालवणारं साधन) बसवलं, तेव्हापासून रोज वापरात आहे.

बसवायला फारसं काही लागत नाही. एपीआयला हाका मारायला सुपरटेस्ट घेतलं. एक्सप्रेसचं ॲप थेट त्याच्या हातात देता येतं, सर्व्हर वेगळा चालू ठेवावा लागत नाही. प्रत्येक परिदृश्याआधी (म्हणजे अशा एकेका उदाहरणाआधी) आपोआप चालणाऱ्या ‘बिफोर’ हुकमध्ये डेटाबेसची टेबलं रिकामी होतात. नवख्यांना अडखळायला होतं ते ॲरो फंक्शनपाशी. स्टेप (परिदृश्यातल्या एका ओळीमागचा कोड) तशी लिहिली की ‘धिस’मधून वर्ल्ड (त्या परिदृश्यातल्या स्टेपचा सामाईक डेटा) मिळत नाही, साधं फंक्शनच लागतं. शिवाय स्टेपला मुळात ५ सेकंदांची मुदत असते, पीडीएफ बिलासाठी ती वाढवून घ्या.

आता पैसे कुठे वसूल झाले ते. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के. पालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नाहीत. गर्किनला, म्हणजे क्युकंबरची परिदृश्यं ज्या भाषेत लिहितात तिला, मराठी येते. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषा ‘एमआर’ टाकली की असं लिहिता येतं:

जर फ्लॅट भाड्याने दिलेला आहे
आणि सेवा शुल्क ८०० रुपये आहे
जेव्हा महिन्याचं बिल तयार होतं
मग नॉन-ऑक्युपन्सी चार्ज ८० रुपये लागतो

प्रत्यक्ष फाइलमध्ये आकडे मात्र इंग्रजीच टाकावे लागतात. ओळीतला पूर्णांक पकडणाऱ्या ‘इंट’ पॅरामीटरमागे जावास्क्रिप्टचं रेग्युलर एक्स्प्रेशन आहे, देवनागरी अंक त्याच्या खिजगणतीत नाहीत.

हे पान मॅडमना छापून दिलं. चष्मा वर सरकवत म्हणाल्या, “आणि मालकाची लग्न झालेली मुलगी राहत असेल तर? तिला नाही हं लावायचा. बंद फ्लॅटलाही नाही.” उदाहरणांच्या तक्त्यात दोन ओळी वाढल्या, दोन्ही लाल झाल्या, म्हणजे नापास. आमचा कोड ‘मालक स्वतः राहत नाही’ एवढंच बघत होता. जावास्क्रिप्टमधली टेस्ट मॅडमनी उघडलीच नसती. थकबाकीच्या व्याजाचंही तेच. सरळव्याज, व्याजावर व्याज नाही, हे आता त्यांच्या भाषेत फाइलमध्ये आहे आणि त्यात बदल करायचा तर आधी त्यांना विचारलं जातं.

याउलट ओळख पटवणारं टोकन नसेल तर ४०१, फ्लॅट सापडला नाही तर ४०४ हा एरर कोड, असली परिदृश्यं कोणी वाचत नाही. ती सगळी नोडच्या स्वतःच्या टेस्ट रनरमध्ये हलवली (नोड २० पासून तो स्थिर आहे). एका ओळीच्या तपासणीसाठी चार ओळींचं गद्य आणि त्यामागे स्टेपचा कोड, हा निव्वळ द्राविडी प्राणायाम. बीडीडीत (अशा उदाहरणांवरून सॉफ्टवेअर घडवायच्या पद्धतीत) संवादाला महत्त्व आहे म्हणतात, पण ४०४बद्दल संवाद साधायचा कोणाशी?

देखभालीचा खर्च धरून चला. स्टेप सगळ्या फाइलींना सामाईक असतात. “बिल तयार होतं” ही ओळ दोन स्टेपना जुळली की क्युकंबर संदिग्ध म्हणून अडून बसतं. ‘युसेज’ फॉरमॅटने चालवलं तर कुठली स्टेप बिनवापराची आणि कुठली संथ ते दिसतं. अधूनमधून त्यावरून झाडलोट करतो.

समांतर चालवणं मात्र अजून जमवलेलं नाही. डेटाबेस एकच आहे, त्यामुळे एका वर्करने (समांतर चालणाऱ्या एका प्रोसेसने) टेबलं रिकामी केली की दुसरा तोंडघशी पडतो. क्युकंबर प्रत्येक वर्करला क्रमांक देतं, त्यावरून वेगवेगळे स्कीमा (एकाच डेटाबेसमधले स्वतंत्र कप्पे) करता येतील. पण सगळा संच चहा येईपर्यंत आटोपतो, म्हणून ते काम कोणी अंगावर घेत नाही.