इथिओपियन हॉटेलात पहिल्यांदा: बेयाइनेतू मागवावं की डोरो वॉट?

वॉशिंग्टन डीसीत इथिओपियन जेवण अजूनही परवडतं आणि बहुतेक ठिकाणी चांगलं मिळतं, कारण रोजचं गिऱ्हाईक इथिओपियनच आहे. 1974 च्या क्रांतीनंतर तिकडून आलेल्यांनी आधी अ‍ॅडम्स मॉर्गनमध्ये आणि नंतर यू स्ट्रीटच्या आसपास हॉटेलं काढली. भाडी वाढली तशी बरीच सिल्व्हर स्प्रिंग आणि अलेक्झांड्रिया या उपनगरांकडे सरकली. कुठेही गेलात तरी मेन्यूचे दोन भाग दिसतील: एकीकडे भाज्या-डाळींचं बेयाइनेतू, म्हणजे ‘व्हेजी कॉम्बो’, आणि दुसरीकडे डोरो वॉट, टिब्स, किटफो हे मांसाचे पदार्थ.

पहिलीच वेळ असेल तर मांस खाणाऱ्यांनीही बेयाइनेतूच आधी मागवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यामागे पैशांपेक्षा मोठं कारण कांद्याचं आहे.

कांदा कसा परतलाय?

डोरो वॉट हा कोंबडीचा लाल रस्सा; वॉट म्हणजे रस्सा. त्यात कोंबडीच्या वजनाइतका, कधी त्याहून जास्त, बारीक चिरलेला कांदा पडतो. तो आधी तेलाशिवाय, मंद आचेवर, तळाला लागू न देता तासभर ढवळत राहावा लागतो. तो विरघळून लगदा झाला की मग चरबी, मग बर्बेरे हा लाल मसाला, आणि तोही बराच वेळ परततात. घाई केली की दोन खुणा लगेच दिसतात: रश्शात कांद्याचे तुकडे वेगळे राहतात आणि मसाल्याची कच्ची, पिठूळ, किंचित कडवट चव जिभेवर येते.

बेयाइनेतूमधलं मिसिर वॉट, म्हणजे लाल मसुराची डाळ, याच पद्धतीने बनते. डोरोमध्ये लोणी पडतं, मिसिरमध्ये तेल. कांदा आणि बर्बेरेची मेहनत तीच. मिसिर मिळून आलेलं आणि गडद असेल तर त्या स्वयंपाकघरातला डोरो वॉट बहुधा चांगला असतो. डाळ पातळ आणि वर लाल तेल वेगळं तरंगत असेल तर डोरोवर पैसे घालू नका.

दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर

बेयाइनेतू साधारण 20 डॉलरच्या आसपास पडतं. त्यात पाच ते आठ पदार्थ येतात: मिसिर, हळदीची सौम्य किक अलिचा (पिवळी वाटाणा डाळ), गोमेन (हिरवी पालेभाजी), कोबी-गाजर-बटाट्याचं टिकिल गोमेन, बीट, कधी मोहरी लावलेली गार मसूर-कोशिंबीर, आणि शिरो. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या मसालेदार पिठाचं सरसरीत पिठलंच म्हणा. एका थाळात एका माणसाचं भरपूर होतं, दोघांचं जवळजवळ.

डोरो वॉटच्या एका प्लेटमध्ये बहुतेक वेळा कोंबडीचा एक पाय आणि एक उकडलेलं अंडं असतं. चौघांत वाटायला ते वाईट, कारण रस्सा पुरतो पण मांस नाही. वाटून खायचं तर टिब्स बरा: कांदा, हिरवी मिरची आणि रोजमेरी घालून परतलेले मांसाचे तुकडे. वॉट आधीच शिजवून ठेवलेले असल्याने बेयाइनेतू लवकर येतं. टिब्स ऑर्डरनंतर बनतो, थोडं थांबावं लागतं.

दोघांसाठी एक बेयाइनेतू आणि एक टिब्स, चौघांसाठी दोन बेयाइनेतू, एक डोरो, एक टिब्स: या प्रमाणात पोटं भरतात आणि थोडं उरतंही. मुलं बरोबर असतील तर किक अलिचा आणि टिकिल गोमेन जास्त मागून घ्या, दोन्ही तिखट नसतात.

टिब्स आणि किटफो सांगताना मात्र एक गोष्ट विसरू नका. काहीच सांगितलं नाही तर दोन्ही गोमांसाचे येतात. बीफ चालत नसेल तर ‘लॅम्ब टिब्स’ असं स्पष्ट म्हणा. बहुतेक ठिकाणी मिळतो. किटफोला तसा पर्याय नसतो. ते बारीक केलेलं कच्चं गोमांस असतं, मसाल्याचं लोणी आणि मिटमिटा ही जहाल पूड लावलेलं. ‘लेब लेब’ म्हटलं की नुसतं कोमट करतात, त्याने जंतू मरत नाहीत. गरोदर बायका, मुलं आणि वयस्करांनी त्या वाटेला जाऊ नये. पूर्ण शिजवून घेतलं तर त्याचा मऊपणा जातो. मग टिब्सच का नको?

शाकाहाऱ्यांसाठी सापळे

‘व्हेज’ म्हटलं की निश्चिंत होऊ नका. ‘बोझेना शिरो’मध्ये मांसाचे तुकडे असतात, ‘गोमेन बेसिगा’मध्येही. साध्या शिरोत काही ठिकाणी निटर किब्बे, म्हणजे मसाल्यात कढवलेलं लोणी घालतात. ते शाकाहारी आहे, पण व्हीगन असाल तर विचारायला हवं. सगळ्यात सोपा शब्द ‘त्सोम’, म्हणजे उपासाचं. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरआधी सलग 55 दिवस मांस, अंडी, दूध-लोणी सोडतात. डाळी आणि कांदा चालतो. ‘त्सोम शिरो’ म्हटलं की स्वयंपाकघराला नेमकं कळतं. बुधवार-शुक्रवारी गेलात तर इथिओपियन गिऱ्हाईकच बेयाइनेतू मागत असतं, त्यामुळे भांडी ताजी भरलेली असतात. त्यांच्या ईस्टरनंतरचे 50 दिवस मात्र हे उपास नसतात.

मांसाहारी मित्राबरोबर जात असाल तर आपला थाळ वेगळा सांगा. सगळं एकाच इंजेऱ्यावर, म्हणजे थाळात अंथरलेल्या आंबट, मऊ पोळीवर, वाढलं की टिब्सचा रस डाळीखाली पाझरतो आणि मग त्याला वेगळं करता येत नाही.

कांदा-लसूण खात नसाल तर खरं सांगायचं म्हणजे इथे तुमच्यासाठी जवळजवळ काहीच नाही. सगळ्याचा पायाच कांद्यावर आहे. कॉफी मात्र अवश्य प्या. बिया समोर भाजून करतात ती हवी असेल तर आधी फोन करा, त्याला वेळ लागतो.

इंजेरा तपासायचा कसा

इंजेरा दोन्ही निवडींत सारखाच येतो, आणि तो बिघडला तर दोन्ही बिघडतात. टेफच्या पिठाचं पातळ मिश्रण दोन-तीन दिवस आंबवून, मोठ्या गोल तव्यावर झाकण ठेवून एकाच बाजूने भाजतात. वरची भोकं सारखी आणि दाट हवीत, घडी घातली तर चीर पडता कामा नये. खालची बाजू चिकट लागली तर तो कच्चा राहिलाय. कडा तुटत असतील तर शिळा किंवा फ्रीजमधला.

टेफमध्ये ग्लुटेन नसतं, पण टेफ महाग. म्हणून अमेरिकेतली बरीच हॉटेलं त्यात गव्हाचं किंवा बार्लीचं पीठ मिसळतात. ग्लुटेन बाधत असेल तर ‘शंभर टक्के टेफ’ आहे का ते विचारा. काही ठिकाणी तो आदल्या दिवशी सांगावा लागतो आणि वेगळे पैसे पडतात. तो बहुधा गडद रंगाचा आणि जास्त आंबट असतो, पहिल्या घासाला चटकन आवडेलच असं नाही.

खाताना उजव्या हाताने बाजूला ठेवलेल्या इंजेऱ्याच्या गुंडाळीतून तळहाताच्या निम्म्या आकाराचा तुकडा तोडा, त्यात पदार्थ चिमटीने उचला. पदार्थांखाली अंथरलेला इंजेरा आधीच फाडू नका, रस्से एकमेकांत वाहतात. रस शोषलेला तो भाग शेवटी खायचा. गुंडाळ्या पहिल्या दहा मिनिटांत संपवल्या तर पोट भरतं आणि वॉट उरतात. आंबवलेला इंजेरा वाटतो त्यापेक्षा जड पडतो. जादा इंजेरा फुकट आहे की नाही ते आधीच विचारून घ्या.

उरलेलं बांधून घेताना इंजेरा आणि वॉट वेगळे बांधायला सांगा. बाहेर, झाकून ठेवलेला इंजेरा दोनेक दिवस मऊ राहतो, फ्रीजमध्ये कडक होतो. वॉट मात्र फ्रीजमध्येच हवेत. सकाळी उरलेलं मिसिर पाणी घालून गरम करा, त्यात इंजेऱ्याचे तुकडे कुस्करून परता. हेच फिरफिर, आणि इथिओपियन घरांत ते न्याहारीला खातात.