तापणारा रेझिस्टर: जास्त वॅटचा टाकावा की दोष शोधावा?

जुना ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर उघडला, पॉवर सप्लायजवळचा एक रेझिस्टर काळवंडलेला, खालचा पीसीबी करपून तपकिरी. आता बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) तितक्याच ओहमचा पण जास्त वॅटचा आणून टाकायचा, की तो का तापतो ते शोधत बसायचं? पहिलं काम अर्ध्या तासाचं, दुसऱ्यात रविवार जातो. पण कंटाळ्यावर ठरवू नका, मल्टिमीटर लावा.

समजा 45 व्होल्टच्या रेलवरून (सप्लायच्या मुख्य डीसी लाइनवरून) 470 ओहमच्या रेझिस्टरमधून 24 व्होल्टच्या झेनरला (व्होल्टेज ठरावीक पातळीवर धरून ठेवणाऱ्या डायोडला), म्हणजे त्याच्यावर चालणाऱ्या प्रीॲम्पला (कमजोर सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला) पुरवठा जातोय. रेझिस्टरवर 21 व्होल्ट पडतात, म्हणजे 0.94 वॅट. तिथे मुळातच 1 वॅटचा असेल, तर तो पहिल्या दिवसापासून काठावर आहे. सेट 220 व्होल्टसाठी बांधलेला आणि घरात 245 येत असतील, तर रेल 50 वर जाते आणि तोच रेझिस्टर 1.44 वॅट खातो. त्यात आपला नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), आणि सेट काचेच्या बंद कपाटात! झेनरवर 24 व्होल्ट बरोबर मिळत असतील, तर खुशाल 3 वॅटचा मेटल ऑक्साइड बसवा, बोर्डपासून सेंटीमीटरभर उचलून. उष्णता मात्र तेवढीच निघणार, फक्त मोठ्या अंगावर पसरणार. म्हणून शेजारी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर चिकटलेला नको.

आता त्याच झेनरवर 24 ऐवजी 12 व्होल्टच दिसले तर? रेझिस्टरवर 33 पडतायत, 2.3 वॅट. पुढचा इलेक्ट्रोलिटिक लीक आहे, झेनर गेलाय, किंवा प्रीॲम्प जास्त करंट ओढतोय. इथे 5 वॅटचा सिमेंट रेझिस्टर मुकाट्याने सगळं सोसेल आणि बिघाड तसाच राहील. माझ्या मते हा सगळ्यात वाईट सौदा. मूळ रेझिस्टर फ्युजिबल असेल तर सिमेंटचा मुळीच नको. बिघाडात त्याने उडून जायचं असतं, नाहीतर पाळी ट्रान्सफॉर्मरवर येते.

आउटपुटचे 0.33 ओहमवाले एमिटर रेझिस्टर गाणं बंद असताना तापत असतील, तर वॅटचा विचारच सोडा. बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट, चढलाय. स्पीकरच्या बाजूचा 10 ओहमचा झोबेल (आउटपुट स्थिर ठेवणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटर जोडीतला रेझिस्टर) जळत असेल, तर सर्किट बहुधा कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट होतंय. ते ऑसिलोस्कोपशिवाय दिसत नाही. ज्या मेकॅनिककडे तो आहे त्याच्याकडेच सेट न्या.

कुठलाही रस्ता घ्या, सोल्डरिंगआधी प्लग काढून मोठे फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करा आणि दुरुस्तीनंतर पहिल्यांदा सेट सिरीज बल्बवरच (करंट आवरायला मेन लाइनमध्ये सेटच्या आधी जोडलेल्या फिलामेंट बल्बवर) चालू करा. रीडिंग मात्र बल्ब काढून, थेट लाइनवर घ्या. एकदा दुपारी, एकदा रात्री उशिरा. लोड उतरला की लाइनचा व्होल्टेज चढतो, आणि 1 वॅटवाल्याची खरी परीक्षा तेव्हाच असते.