तीन ऑटोमॅटिक, तीन मूव्हमेंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

प्रसिद्ध डायव्हर घड्याळाचं रूप घेतलेली, पण डायलवर बनवणाऱ्याचंच नाव असलेली तीन ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी, घड्याळं मी काही महिने आलटूनपालटून वापरतोय. मोठ्या ब्रँडचं नाव छापलेल्या डुप्लिकेटच्या वाटेला मी गेलो नाही. तिथे ‘स्विस मूव्हमेंट’ (मूव्हमेंट म्हणजे घड्याळ चालवणारी आतली यंत्रणा) असं सांगून आत काय बसवलं असेल याचा भरवसा नसतो आणि दुरुस्तीला न्यायचीही पंचाईत.

माझ्या एका घड्याळात सायकोची एनएच३५ आहे, दुसऱ्यात सिटिझनची मियोटा ८२१५, तिसऱ्यात ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४-२ च्या आराखड्यावर बनलेली चिनी मूव्हमेंट.

सुरुवातीला चिनी मूव्हमेंटनेच मन जिंकलं. तासाला २८,८०० ठोके, त्यामुळे सेकंद काटा अगदी सुळकन सरकतो. बाकी दोघींचे ठोके २१,६००. दिवसाकाठी फरकही तिचाच सगळ्यात कमी, जेमतेम काही सेकंद. पण मला सवय रोज सकाळी हाताने चावी द्यायची. काही महिन्यांनी चावी देताना मनगटाखाली काहीतरी घुमतंय असं जाणवायला लागलं. मागच्या काचेतून पाहिलं तर क्राउन (चावी द्यायची बाजूची गुंडी) फिरवताना रोटर, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणारं वजन, तोही गरगर फिरत होता. निरोगी मूव्हमेंटमध्ये तो जागचा हलता कामा नये. रोटरची दोन्ही दिशांची फेर चावीत बदलणारी जी छोटी रिव्हर्सिंग चाकं असतात, ती तेल कमी पडल्यामुळे अडकत होती. २८२४ च्या घराण्याचं हे नाजूक ठिकाण आहे. कारागिराने चाकं साफ करून तेल दिल्यावर सगळं सुरळीत झालं. आता हे घड्याळ बंद पडलं तर चार-पाच फेऱ्या चावी देतो आणि बाकीचं काम रोटरवर सोडतो.

एनएच३५ दिसायला रांगडी. जाडी पाच मिलिमीटरच्या वर, त्यामुळे घड्याळही जाड होतं. कंपनीच दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची मुभा सांगते. माझं घड्याळ रोज साधारण दहा सेकंद पुढे जातं, पण पहिल्या आठवड्यात जेवढं जात होतं तेवढंच आजही. माझ्या लेखी भरवशाचं घड्याळ ते हेच. चूक ठरलेली असली की आठवड्यातून एकदा काटे लावले की झालं. तिच्यात रिव्हर्सिंग चाकांऐवजी सायकोचा ‘मॅजिक लिव्हर’ आहे. दोन्ही दिशांची फेर तो दोन टोकांच्या एका साध्या आकड्याने ओढून घेतो, म्हणून बिघडायला जागाही कमी.

एकदाच ती अचानक काही मिनिटं पुढे पळाली आणि मी धसकलो. कारण निघालं चुंबकत्व. रात्री घड्याळ स्पीकरला खेटून ठेवलं होतं. हेअरस्प्रिंगची, म्हणजे घड्याळाचा ठोका ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकांना चिकटली की झोका आखूड होतो आणि घड्याळ पळत सुटतं. डीमॅग्नेटायझरवरून (चुंबकत्व काढणाऱ्या उपकरणावरून) फिरवल्यावर क्षणात ताळ्यावर आलं. कुठलंही मेकॅनिकल घड्याळ असं एकाएकी पुढे धावू लागलं, तर उघडायला देण्याआधी हे करून बघा.

मियोटा ८२१५ बद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि ते चांगलंच. रोटर एकाच दिशेने चावी भरतो, उलट्या दिशेला मोकळा सुटतो. हात झटकला की घरघर ऐकू येते. सेकंद काटा मध्येच अडखळल्यासारखा दिसतो, कारण तो मुख्य गिअरच्या ओळीत थेट बसवलेला नाही. या दोन्ही गोष्टी तिच्या रचनेचाच भाग आहेत, बिघाड नव्हेत. वेळेच्या अचूकपणात ती एनएच३५ पेक्षा जरा कमी, कारण घड्याळ रात्री आडवं ठेवलं की उभं ठेवलं यावर तिचा फरक जास्त हलतो.

तिघींनाही एक पथ्य सारखंच: रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नका. तेव्हा तारखेची चाकं गुंतलेली असतात आणि दाते तुटू शकतात.

रोजच्या वापराला मी एनएच३५ ठेवली आहे. उद्या ती थकलीच, तर अख्खी मूव्हमेंट बदलणं सर्व्हिसिंगपेक्षा स्वस्त पडतं आणि ती सहज मिळते. चिनी घड्याळ समारंभापुरतं. तो सेकंद काटा बघायला मला अजूनही आवडतो.