दोन कार्ट्रिजवाला हाफ मास्क, साकीनाक्याच्या प्लेटिंग गाळ्यात वापरून लिहितोय

पाचपैकी चार स्टार. मास्क चांगला आहे, एक स्टार कापलाय तो त्याच्या पॅकिंगसाठी, ते खाली लिहिलंय. ब्रँडचं नाव देत नाही कारण तीन-चार कंपन्यांचे सेम पद्धतीचे मिळतात, नाक-तोंड झाकणारा सिलिकॉन किंवा रबराचा मास्क आणि दोन्ही बाजूला फिरवून लावायची दोन कार्ट्रिज, म्हणजे वायू गाळणारे डबे, हाफ फेस रेस्पिरेटर म्हणून मागितला की दुकानदार बरोबर काढून देतो.

आमचं काम इलेक्ट्रोप्लेटिंगचं, पितळी नळाचे पार्ट, हँडल, बिजागऱ्या येतात, त्यावर निकेल-क्रोमचा मुलामा करून द्यायचा, मी तिथं सुपरवायझर आहे. आमच्या लाईनमध्ये बहुतेक गाळ्यांत पोरं ॲसिडच्या हौदावर तोंडाला रुमाल बांधून उभी असतात, किंवा कोविडमध्ये आले ते निळे मास्क लावून. रुमाल कितीही ओला करा, वायू त्यातून आरपार जातो. एन९५ पण धुळीसाठी आहे, कणांसाठी, ॲसिडच्या वाफेला तो अडवत नाही. आणि गूळ! सगळीकडं संध्याकाळी गूळ वाटतात, काही ठिकाणी दूध देतात, आणि मालकाला मनापासून वाटतं की आपण पोरांची काळजी घेतली. गूळ जरूर द्या, पण तो पोटात जातो आणि वायू फुफ्फुसात जातो, त्या दोघांची भेटच होत नाही.

खरेदी केली नागदेवी स्ट्रीटवर. मस्जिद बंदरला उतरून चालत जा, सेफ्टीच्या मालाची दुकानं ओळीनं आहेत. एका दुकानात म्हणाले, ‘भाऊ हाच न्या, सगळ्या गॅसला चालतो.’ असं कोणी म्हटलं की तिथून सरळ बाहेर पडायचं, कारण सगळ्या गॅसला चालणारं कार्ट्रिज जगात नाही. पुढच्या दुकानात एक वयस्कर काका बसले होते, त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला, ‘केमिकल कुठलं वापरता? त्याचा कागद आहे का?’ कागद म्हणजे सेफ्टी डेटा शीट, केमिकल विकणाऱ्याकडून मागून घ्यायची, तिच्यात सोळा सेक्शन असतात आणि आठव्यात लिहिलेलं असतं की हातमोजे कुठले, मास्क कुठला. मी मोबाईलवर दाखवली, त्यांनी चष्मा लावून नीट वाचली आणि मग कार्ट्रिज काढलं. या एका गोष्टीसाठी त्या दुकानाला माझे वेगळे पाच स्टार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रंग. आपल्या बाजारात अमेरिकन पद्धतीचा माल पण येतो आणि युरोपियन पद्धतीचा पण, आणि दोघांचे रंग वेगळे. अमेरिकन मालात काळा पट्टा म्हणजे थिनर, पेंट अशा सॉल्व्हंटच्या वाफा, पांढरा म्हणजे ॲसिड गॅस, पिवळा म्हणजे हे दोन्ही. युरोपियन मालात सॉल्व्हंटला तपकिरी रंग आणि ए अक्षर, क्लोरीन आणि हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंना करडा रंग आणि बी, सल्फर डायऑक्साइडच्या जातीच्या ॲसिड गॅसला पिवळा आणि ई, अमोनियाला हिरवा आणि के. म्हणजे पिवळा बघून ‘हाच तो’ म्हणून उचललात आणि तो युरोपियन निघाला, तर थिनरवाल्या पोराला त्याचा काडीचा उपयोग नाही आणि त्याला वाटणार आपण मास्क लावलाय, म्हणजे तो आणखी जवळ जाऊन काम करणार. म्हणून रंग बघा पण अक्षर आणि खालचं बारीक लिहिलेलं वाचूनच घ्या. आणि इथंच माझा एक स्टार गेला. पाकिटावर सगळं इंग्रजीत, तेही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. हे घालणारा माणूस जौनपूरचा नाहीतर चिपळूणचा, त्याच्या हातात जे पाकीट येणार त्यावर मराठीत-हिंदीत चार ओळी आणि दोन चित्रं छापायला कंपनीला काय अडचण आहे? आम्ही स्वतः मार्करनं पट्टी लिहून चिकटवली, ‘पिकलिंग’ (म्हणजे माल ॲसिडच्या हौदात बुडवून साफ करणं) आणि ‘थिनर’.

घालायला कसा आहे? हलका आहे, पट्टे दोन, एक डोक्यावर एक मानेमागे. घातल्यावर रोज एक टेस्ट करायची, दोन्ही तळवे कार्ट्रिजवर दाबून धरायचे आणि हळू श्वास आत ओढायचा, मास्क चेहऱ्याला आत चिकटला आणि तसाच राहिला तर बरोबर, नाकाजवळून गार हवा आत आली तर पट्टे परत ओढा. मग पुढचा व्हॉल्व्ह हातानं झाकून हळू फुंकायचं, मास्क थोडा फुगला आणि कडेनं हवा सुटली नाही तर ओके. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पोरांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा लाजत होती, आता एकमेकांची तपासतात.

दाढी असेल तर हा मास्क बसत नाही, केस मध्ये आले की फटीतून वायू आत येतोच. आमच्याकडं एक चाचा आहेत, सगळ्यात जुने कारागीर, त्यांना दाढी काढा असं मी कधीच म्हणणार नाही, त्यांना विचारून रॅक बांधायच्या आणि माल तपासायच्या कामावर घेतलं, पगार तोच. ज्यांना खर्च झेपतो त्यांच्यासाठी बॅटरीवर हवा देणारा हूडवाला प्रकार मिळतो, तो दाढीवर चालतो, पण महाग आहे.

आता हा मास्क कुठं चालत नाही ते नीट वाचा, कारण लोक मास्क नसल्यानं मरतात तसेच चुकीच्या जागी मास्कवर भरवसा ठेवून पण मरतात.

पहिलं म्हणजे नायट्रिक ॲसिड. पितळ चकचकीत करायला नायट्रिकमध्ये डिप करतात तेव्हा तो तपकिरी-लालसर धूर उठतो ना, तो नायट्रोजन डायऑक्साइड. साध्या ॲसिड गॅसच्या कार्ट्रिजवर त्याचं नाव नसतं, बघून घ्या. त्याच्यासाठी वेगळा निळा-पांढरा फिल्टर येतो आणि तो एकदाच वापरायचा असतो. या धुराची गोष्ट फार वाईट आहे. हायड्रोक्लोरिक नाकात गेलं की लगेच झोंबतं, माणूस आपोआप मागं सरकतो. हा धूर पाण्यात तेवढा विरघळत नाही म्हणून घशात फारसा झोंबत नाही आणि खोल आत फुफ्फुसात उतरतो. माणूस थोडं खोकतो, चहा पितो, बरं वाटतं म्हणून लोकल पकडून घरी जातो, आणि काही तासांनी, कधी रात्री झोपेत, फुफ्फुसात पाणी भरून श्वास लागतो. म्हणून तपकिरी धूर छातीत गेलेल्या माणसाला ‘काही नाही रे, जा घरी, आराम कर’ म्हणायचं नाही. चालायला, जिने चढायला न लावता हॉस्पिटलला न्यायचं, डॉक्टरांना नायट्रिकचा धूर असं स्पष्ट सांगायचं आणि निदान एक दिवस देखरेखीखाली ठेवून घ्यायचं. आमच्याकडं डिपच्या हौदाला कडेनं ओढणारा एक्झॉस्ट लावलाय, तो चालू नसेल तर डिप बंद, मास्क असला तरी बंद.

दुसरं सायनाइड. जिथं सायनाइडचा बाथ म्हणजे हौद आहे तिथं ॲसिडचा एक कॅनसुद्धा त्या बाजूला ठेवू नका, पिकलिंगमधून आलेला माल नीट धुतल्याशिवाय त्यात सोडू नका, दोन्हीची गटारं वेगळी ठेवा. दोन्ही एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड सुटतो आणि तिथं या हाफ मास्कवर विसंबून उभं राहायचं नाही, बाहेर पळायचं. कडू बदामाचा वास येतो म्हणतात पण बऱ्याच लोकांना तो वास जन्मतःच येत नाही.

तिसरं टाकी. ईटीपीची म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटची टाकी, सांडपाण्याचा खड्डा, बिल्डिंगची पाण्याची टाकी, काहीही. कार्ट्रिज हवा गाळतं, ऑक्सिजन तयार करत नाही, हे प्रत्येक पोराच्या डोक्यात बसवा. २०२५ च्या मार्चमध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीत चार मजूर गुदमरून मेले, ती तर पाण्याची टाकी होती, केमिकलची पण नाही. साध्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की मीटर ओरडतो. चार गॅसचा मीटर येतो, ऑक्सिजन, पेटणारा वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवतो, दोरीला बांधून आधी तो खाली सोडायचा, माणूस नंतर. सडक्या अंड्याचा वास गेला म्हणजे गॅस गेला असं धरू नका, १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकच बधिर होतं. आणि एक जण आत पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो, हे प्रत्येक वेळी होतं, भावासारखी पोरं असतात हो, बघवत नाही त्यांना. पण वरून दोरीनं ओढायची सोय आधीच नसेल तर उतरायचंच नाही, बाहेरून हवा देणारा सेट हवा आणि तो फायर ब्रिगेडकडं असतो, त्यांना फोन करायचा.

डोळे या मास्कनं झाकत नाहीत, गॉगल वेगळा घ्या.

कार्ट्रिज किती टिकतं हे सगळे विचारतात. ठरलेलं उत्तर नाही, हवेत वायू किती, काम किती तास, त्यावर आहे. वास यायची वाट बघू नका, तारीख टाकून ठरवून बदला. आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात ते लवकर जातं कारण आतला कोळसा हवेतली ओल पण ओढतो, विशेष करून सॉल्व्हंटवाल्याची ताकद त्यानं कमी होते. खिळ्याला लटकवून ठेवलेला मास्क रात्रभर गाळ्यातली हवा पीत बसतो. काम झालं की झिपवाल्या पिशवीत बंद करायचा, पिशवीवर पोराचं नाव. एकाचा मास्क दुसऱ्यानं घालायचा नाही.

आम्हाला सेट दोन हजारांच्या आसपास पडला, कार्ट्रिजचा खर्च परत परत येतो तो धरून चला. हे पैसे कामगाराच्या पगारातून कापायचे नाहीत, १९४८ च्या कारखाने कायद्यातच कलम ११४ मध्ये होतं ते, आणि भोपाळनंतर १९८७ ला कलम १११-अ आलं की आपण कुठल्या केमिकलवर काम करतोय हे विचारायचा कामगाराला हक्क आहे. तेव्हा पोरांनो विचारा.

भिंतीवर १०८ च्या शेजारी १८००-११६-११७ लिहून ठेवा, दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास.

घेताना पक्कं बिल मागा, पाकिटावरची तारीख बघा, फोडलेलं पाकीट घेऊ नका, डुप्लिकेट माल तिथं भरपूर आहे. साइज विचारा, सरसकट मीडियम देतात आणि बारीक चेहऱ्याच्या पोरांना तो कडेनं सुटतो, आम्हाला स्मॉल दोन मागवून घ्यावे लागले, आठवडाभर लागतो.