पोकेमॉन गो: गेमला चार तारे, संवादाला दोन

कुणी विचारलं तर पोकेमॉन गो खेळाच, असं मी आजही सांगते. जुलै 2016 मध्ये आलेला, फोनवरचा नकाशा बघत चालून पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचा हा गेम इतकी वर्षं टिकलाय तो नुसत्या पिकाचूच्या जिवावर नाही. पाय उचलल्याशिवाय त्यात पुढे सरकता येत नाही, ही त्याची खरी ताकद. अंडं उबवायचं तर चाला, बडीकडून, म्हणजे सोबत घेतलेल्या पोकेमॉनकडून, त्याला वाढवायची कँडी हवी तर चाला. 2018 मध्ये अ‍ॅडव्हेंचर सिंक आल्यापासून गेम बंद असतानाही चाललेलं अंतर मोजलं जातं. सोमवारी सकाळी आठवड्याचे किलोमीटर बघायची ओढ मला अजून असते. रेडचं, म्हणजे अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी, बॉसशी, लढण्याचं तर वेगळंच. तासभर अंड्यावरचं घड्याळ उलटं चालतं, मग पंचेचाळीस मिनिटं बॉस उभा असतो, आणि त्या पाऊण तासात एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं एका जिमपाशी, म्हणजे नकाशावरच्या लढाईच्या ठिकाणी, गोळा होतात. माझ्या कितीतरी ओळखी अशाच झाल्या. त्यामुळे गेमला चार तारे देताना मला विचार करावा लागत नाही.

दोन तारे आहेत ते संवादाला, म्हणजे कंपनी खेळाडूंना काय आणि कधी सांगते त्याला. आमच्या खेळाडूंच्या ग्रुपची मी अ‍ॅडमिन आहे आणि माझा निम्मा वेळ अफवा निस्तरण्यात जातो. अलीकडेच एक स्क्रीनशॉट आला. पुढच्या कम्युनिटी डेचा (या दिवशी काही तास एकच पोकेमॉन भरपूर दिसतो) पोकेमॉन, तारीख, बोनस, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. वरची पट्टी, जिथे पोस्ट टाकणाऱ्या खात्याचं नाव असतं, तेवढीच कापलेली. वेळ सकाळी अकराची, आणि कम्युनिटी डे तर एरवी स्थानिक वेळेनुसार दुपारी दोन ते पाच असतो. मी विचारलं, कुठून आलं हे? ‘ताई, दुसऱ्या ग्रुपवरून.’ त्या ग्रुपवर विचारलं तर त्यांना तिसऱ्या ग्रुपवरून आलेलं. तोवर आमच्यातल्या दोघांनी शनिवारचं काम बदलून घेतलं होतं.

अशा अफवांना खतपाणी कुठून मिळतं, तेही सांगते. नवीन व्हर्जन आलं की डेटामायनर मंडळी ते उघडून आतला कोड वाचतात. त्यात नव्या पोकेमॉनची चित्रं, नव्या फीचरची नावं सापडतात. हे काम मेहनतीचं आहे आणि बहुतेक जण स्पष्ट सांगतात की कोडमध्ये नाव दिसलं म्हणजे फीचर येणारच असं नाही. पण फॉरवर्ड होताना नेमकं तेच वाक्य गळतं. उरतं ते ‘पुढच्या आठवड्यात येतंय’.

नोव्हेंबर 2024 मधला गोंधळ याच जातीचा. नायँटिक तेव्हा गेमची मालक होती. तिने जागांचं त्रिमितीय आकलन असणाऱ्या एआय मॉडेलबद्दल लिहिलं आणि काही दिवसांत सगळीकडे पसरलं की आपण चाललो ती प्रत्येक पायरी त्या मॉडेलला शिकवायला वापरली. कंपनीला नंतर खुलासा करावा लागला की नुसतं चालत खेळल्याने मॉडेल शिकत नाही, त्यासाठी खेळाडूने स्वतःहून एखाद्या जागेचं स्कॅन करून पाठवावं लागतं आणि ते ऐच्छिक आहे. हा खुलासा मूळ लेखातच पहिल्या परिच्छेदात असता, तर आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी घाबरून गेम काढून टाकला नसता. त्या पुन्हा आल्या नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

कंपनीची उशिरा सांगायची ही सवय जुनी आहे. 2016 च्या जुलैमध्ये जवळच्या पोकेमॉनखाली पावलांचे ठसे दिसायचे, एक म्हणजे अगदी जवळ, तीन म्हणजे लांब. ते बिघडले आणि सगळ्यांखाली तीनच ठसे दिसू लागले. महिन्याच्या शेवटी अपडेट आलं तर ठसेच गायब. कारण कळायला ऑगस्ट उजाडला, तोवर लोकांनी आपापली कारणं तयार करून टाकली होती.

2021 चा प्रसंग तर प्रत्येक डेव्हलपरने अभ्यासावा असा आहे. महासाथीत पोकेस्टॉप (खऱ्या जागांवरची, गेममधल्या वस्तू मिळायची ठिकाणं) आणि जिमपर्यंत पोचायचं अंतर 40 मीटरवरून 80 मीटर केलं होतं. 1 ऑगस्टला अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये ते पुन्हा 40 वर आणलं. ऐकायला फरक लहान वाटतो. पण रस्त्याच्या पलीकडचा स्टॉप घ्यायला वाहतूक ओलांडावी लागते की नाही, हे त्या 40 मीटरवर ठरतं. व्हीलचेअरवरून खेळणाऱ्याला पायऱ्यांवरचं जिम खालून गाठता येतं की नाही, हेही त्यावरच. खेळाडू एकत्र आले, जाहीर पत्र लिहिलं, कित्येकांनी पैसे खर्च करणं थांबवलं. 25 ऑगस्टला कंपनीने जाहीर केलं की 80 मीटर हेच आता मूळ अंतर. दर दोन महिन्यांनी डेव्हलपर डायरी देऊ, असंही तेव्हा सांगितलं. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. ती शिस्त पुढे टिकायला हवी होती.

आणि टिकली असती तर काय झालं असतं, याची झलक एप्रिल 2023 मध्ये दिसते. रिमोट रेड पासची, म्हणजे घरबसल्या रेड खेळायच्या तिकिटाची, किंमत गेममधल्या 100 कॉइनवरून 195 केली, वर दिवसाला पाचचीच मर्यादा. निर्णय मला अजिबात पटला नाही. घराबाहेर पडू न शकणाऱ्यांवर तो अन्याय होता. पण या वेळी कंपनीने आठवडाभर आधी सांगितलं आणि कारणही दिलं की घरबसल्या रेड खेळणं गेमवर फार वरचढ झालंय. त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये कडाक्याचं भांडण झालं, पण ते खऱ्या मुद्द्यावर झालं. त्या आठवड्यात एकही कापलेला स्क्रीनशॉट आला नाही.

सुधारणा सुचवायची तर माझी पहिली मागणी पोकेस्टॉपच्या नामांकनाबद्दल आहे. वेफेअररवर, म्हणजे अशा जागा सुचवायच्या आणि तपासायच्या संकेतस्थळावर, तुम्ही एखादं शिल्प किंवा वाचनालय सुचवता, फोटो काढता, दुसरे खेळाडू तपासतात, ‘मंजूर’ असा मेल येतो आणि नकाशावर काहीच उगवत नाही. नवा माणूस हादरतो. कुणी सांगतं, कुणीतरी तक्रार केली असेल. कुणी म्हणतं, सर्व्हर बिघडलाय. खरं कारण साधं असतं. नकाशा एस-2 नावाच्या चौकटींत विभागलेला आहे आणि सतराव्या पातळीच्या एका चौकटीत गेम एकच स्टॉप किंवा जिम दाखवतो. शेजारी आधीच स्टॉप असेल तर तुमचा दिसत नाही, इन्ग्रेस या नायँटिकच्या जुन्या गेममध्ये मात्र पोर्टल म्हणून दिसू शकतो. हे जुन्या खेळाडूंनी चौकटी नकाशावर चढवून शोधलं आणि अजून तेच नव्यांना शिकवतात. नामांकन करतानाच ती चौकट स्क्रीनवर दाखवा आणि ‘इथे आधीच एक स्टॉप आहे’ एवढं लिहा. कितीतरी लोकांची मेहनत आणि मनस्ताप वाचेल.

दुसरं म्हणजे आकडे उघड करा. अंड्यांतून काय निघू शकतं हे आता दिसतं, दुर्मिळताही चिन्हांनी कळते, पण टक्केवारी नाही. शायनीचं, म्हणजे वेगळ्या रंगाच्या दुर्मिळ पोकेमॉनचं, तर तेवढंही नाही. साधारण पाचशेत एक हा आकडा खेळाडूंनी स्वतः हजारो नोंदी करून काढलाय. आकडा छापला की ‘रात्री बारानंतर शायनी जास्त मिळतात’ असले शोध बंद होतील. आमच्या ग्रुपमधली शाळकरी मुलं या शोधांपायी जागतात, म्हणून हा मुद्दा मला जिव्हाळ्याचा आहे.

बग्जच्या बाबतीत मला चमत्कार नको. काय बिघडलंय, कधीपासून, कोणत्या फोनवर आणि पुढची बातमी कधी देणार, इतकं गेमच्या आतल्या न्यूज टॅबमध्येच येऊ दे. बाहेरच्या पानावर ते शोधायला कितीजण जातात? ‘अजून दुरुस्त झालं नाही, शुक्रवारी पुन्हा सांगतो’ हे उत्तरही मी आनंदाने ग्रुपवर टाकेन.

मार्च 2025 मध्ये स्कोपली ही गेम कंपनी नायँटिकचा गेम व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर झालं. ज्यांनी अनेक वर्षं हा गेम बनवला ती टीम सोबतच गेली, हे मला आश्वासक वाटतं. नव्या मालकांनी डेव्हलपर डायरी परत सुरू करावी आणि तिचा पहिला अंक लोकेशनच्या माहितीवर काढावा: काय साठवतात, किती काळ, कुणाला देतात. तो अंक आला की मी ग्रुपच्या वर पिन करेन आणि त्या काकूंना फोन करेन.