गुडघा किंवा खुबा बदलल्यावर गुठळी टाळायला काय घ्यायचं: इंजेक्शन, गोळी की ॲस्पिरिन?

घरात कुणाचं नी किंवा हिप रिप्लेसमेंट ठरलं की सगळी चर्चा इम्प्लांट कुठलं आणि पॅकेज कितीचं यावरच होते, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काय देणार हे विचारायचं राहूनच जातं. आणि हा धोका डिस्चार्जनंतरही बरेच आठवडे असतो, म्हणून हिपला साधारण ३५ दिवस नि गुडघ्याला १०-१४ दिवस औषध चालतं, म्हणजे बहुतेक डोस घरीच घ्यायचे.

एनोक्झापारिनचं इंजेक्शन (सहसा ४० मिग्रॅ, रोज एकदा पोटाच्या कातडीखाली) वर्षानुवर्षं वापरातलं, भरवशाचं. पण रोज टोचणार कोण? सून किंवा मुलगा शिकून घेतात, नाहीतर नर्स बोलवा. पोटावर काळेनिळे डाग पडतात, किडनी फारच कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. शिवाय हे डुकराच्या आतड्यापासून बनतं, घरात ते चालणार नसेल तर ॲडमिट व्हायच्या आधीच बोला.

गोळ्यांमध्ये रिव्हरॉक्झाबॅन १० मिग्रॅ दिवसातून एकदा आणि एपिक्झाबॅन २.५ मिग्रॅ दोनदा. सुई नको, म्हणून डोस चुकायची भीती कमी, आणि मला तरी बहुतेक घरांसाठी हेच बरं वाटतं. फक्त रक्तस्रावाचा धोका असतोच, त्यामुळे जखम सारखी ओली राहत असेल तर सर्जनला लगेच कळवा, आणि मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणून यासोबत घेऊ नका, आधी अल्सर झालेला असेल तर नक्कीच नाही.

ॲस्पिरिन सगळ्यात स्वस्त, म्हणून खूप जण तेच मागतात. इथे दोन अभ्यास बघण्यासारखे आहेत. २०१८ च्या कॅनडातल्या अभ्यासात सगळ्यांना आधी ५ दिवस रिव्हरॉक्झाबॅन दिलं आणि मग निम्म्यांना ॲस्पिरिनवर आणलं, तर गुठळ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं (ॲस्पिरिनवर ०.६४ टक्के, रिव्हरॉक्झाबॅनवरच राहिलेल्यांत ०.७० टक्के). पण २०२२ च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात पहिल्यापासून नुसतं ॲस्पिरिन दिलं तेव्हा ९० दिवसांत त्रास देणाऱ्या गुठळ्या ३.४५ टक्के, एनोक्झापारिनवर १.८२ टक्के. त्यातल्या बऱ्याचशा गुडघ्याखालच्या, म्हणजे सहसा कमी धोक्याच्या होत्या हे खरं, तरी ज्यांना आधी गुठळी झालीय, कॅन्सर आहे किंवा जे फारसं हलूच शकत नाहीत त्यांच्यासाठी नुसत्या ॲस्पिरिनवर राहायची माझी तरी तयारी होणार नाही. बाकी तब्येत धडधाकट असेल तर आधी काही दिवस रिव्हरॉक्झाबॅन मग ॲस्पिरिन हा रस्ता सर्जनना जरूर विचारा, खर्चही वाचतो.

पायाला लावायचा हवेचा पंप आणि लवकर चालवणं सगळ्यांनाच हवं, ते औषधाऐवजी नाही, औषधासोबत. हार्टसाठी आधीच रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हिशेबच वेगळा, ती कधी बंद करायची नि परत कधी सुरू करायची हे सर्जन आणि हार्टच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

यातलं काहीही घेतलं तरी एका पोटरीला वाढती सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी दाखवा, आणि अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर उद्यावर न ढकलता थेट कॅज्युअल्टीत.