टिंकर बेलची हातोडी: सात महिने वाचून घेतल्यावर

भांडी सांधणाऱ्या टिंकर बेल या परीची हातोडी हरवते, तिचं काम बिघडायला लागतं आणि 'हिची कला गेली' अशी कुजबुज सुरू होते. गोष्ट एवढीच. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर 'द ट्रबल विथ टिंक' हे छोटं इंग्रजी पुस्तक सात महिन्यांत तीन गटांना वाचून दाखवलं, वयं सात ते दहा. पुस्तक घ्यावं असंच आहे. पण एक शब्द सांभाळा: टॅलेंट. पुस्तकात प्रत्येक परीच्या कलेला हाच शब्द आहे.

आपल्याकडच्या मुलांना टॅलेंट म्हणजे स्टेज, माईक आणि ढाल. पहिल्या गटाला तोच शब्द ठेवून वाचलं, तर 'मग मी कुठली परी?' हा तंटा सुरू झाला. मागोमाग पालकांकडून अबॅकस-कथकच्या क्लासची चौकशी. दुसऱ्या गटापासून 'हातोटी' म्हटलं. हातोडी हरवली, हातोटी नाही, हे मुलांनीच पकडलं. 'तुला काय येतं?' हेही विचारायचं नाही. 'घरात काय अडलं की तुला हाक मारतात?' असं विचारा. आजीच्या सुईत दोरा ओवणं, रिमोटचे सेल बदलणं, बाळाला हसवणं अशी उत्तरं येतात आणि एकही मूल रिकाम्या हाताने बसत नाही.

दुसरी अडचण भांड्यांची. नॉनस्टिकच्या घरात वाढलेल्या मुलांना भांडं दुरुस्त होतं हेच ठाऊक नसतं. टिंकर म्हणजे मुळात गावोगाव फिरून भांडी सांधणारा. 'पीटर पॅन'चे मूळ लेखक जे. एम. बॅरी यांच्या 1911च्या कादंबरीतही ती परी भांडी-किटल्या दुरुस्त करते म्हणूनच तिचं हे नाव. मराठीत सांगताना तीन कामं वेगळी ठेवा. पोचे काढायला हातोडी, भोक बुजवायला डाख, आणि तांब्या-पितळेला आतून कथलाचा मुलामा ती कल्हई. कल्हईवाला आणि टिंकर एकच असं ठोकून दिलं तर शेजारच्या आजी दुरुस्त करतात (झालंय).

एक जुनं गळकं पातेलं आणा. पाणी भरा, बाहेरून कोरडं पुसा, वर्तमानपत्रावर दहा मिनिटं ठेवा. ओला ठिपका उमटेल त्याच्या वरच भोक. पातेलं ॲल्युमिनियमचं असेल तर डाख लावायच्या फंदात पडू नका. त्यावर ऑक्साइडचा थर असतो, साधा डाख धरत नाही. हे करून मग परींच्या राणीच्या गळक्या टबाचं प्रकरण वाचलं की मुलं स्वतःच सल्ले द्यायला लागतात.

सगळ्यात जास्त अडखळायला होतं ते मध्यावर. जादा हातोडी पीटर पॅनकडे आहे, मग ही जात का नाही? मुलांना हा नुसता वेळकाढूपणा वाटतो. तिचं पीटरशी काय बिनसलं, हे पाच मिनिटं आधी सांगून ठेवा, वाचताना मध्येच थांबून नको. गाडी रुळावरून उतरते.

वाचनाचं माप: बसल्या बैठकीला एक प्रकरण, मराठीत सांगत गेलं तर पंधरा-वीस मिनिटं. एक टॉर्च आणि पूजेतली छोटी घंटा जवळ असू द्या. बॅरींच्या 1904च्या पहिल्या 'पीटर पॅन' नाटकातही टिंकर बेल म्हणजे नुसता नाचता उजेड आणि घंटेचा आवाजच होता. टॉर्च भिंतीवर फिरवायचा, डोळ्यांत नाही.

खटकणारी गोष्टही आहे. या परीलोकात जन्मतःच प्रत्येक परीला एकच हातोटी, ती आयुष्यभर बदलत नाही. आपल्याकडे जन्माच्या जातीवरून माणसाचं काम ठरत आलं, त्यामुळे हे कानाला बोचतं. नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांसमोर त्यावर जरूर भांडा. सात-आठ वर्षांच्यांना ते सुचतही नाही.

प्रत पेपरबॅक, पाठ डिंकाची. ठाण्याच्या पावसात पानं लाटांसारखी झाली आणि मधला जोड सुटला. सेलोटेप लावू नका, पिवळी पडून पान घेऊन निघते. फेविकॉलची बारीक रेघ, वर दोन जाड शब्दकोश, एक रात्र. तेवढ्यावर आमची प्रत अजून चालतेय.